नाकापेक्षा जड

पोर्तो माँतच्या नियंत्रण-कक्षात रात्रीचे पावणेदोन.
खाली दक्षिणेला, सामुद्रधुनीपलीकडे, चिलोए बेट गारठलेलं.
यंदा ओल्या लाकडाच्या शेगड्यांवर बंदी आली
आणि घराघरांत एकेक हीटर येऊन बसला,
न विचारता मुक्काम ठोकणाऱ्या पाहुण्यासारखा.
तारा मात्र त्याच.
एकच लाइन, बेटाच्या शेवटापर्यंत, केयोनपर्यंत,
आणि तिथे पोचेस्तोवर व्होल्टेजचा जीव मेटाकुटीला आलेला.

मी एलियाना कुरिकेओ. माझ्याकडे समीकरणं आहेत.
रोसामेल बार्रियाकडे थर्मास आणि एकतीस वर्षं.

मी भार वाढवते, कागदावरचा: एक टक्का, आणखी एक.
न्यूटनची रीत अंदाज करते, चूक मोजते,
चुकीच्या उतारावरून खाली येते, पुन्हा मोजते,
चार फेऱ्यांत उत्तराशी येऊन टेकते.
मग पाच. मग नऊ.
मग आकडे एकमेकांच्या अंगावर धावून जातात
आणि पडद्यावर येतं: उत्तर जुळले नाही.

"गेलं का बेट?" रोसामेल विचारतो.
बेट नाही हो. गणित गेलं.
टोकाशी आलं की मॅट्रिक्स उलटत नाही,
शून्याने भाग म्हटल्यावर पोर अडून बसावं
तशी बसते.

मग भाराला सुकाणूवरून उठवायचं.
किती, हे विचारायचं सोडून
वक्रालाच विचारायचं, तू निघालास कुठे?
त्याच्या स्पर्शरेषेवर एक पाऊल टाकायचं, हवेत,
आणि चाचपत पुन्हा त्याच्यावर उतरायचं.
पाऊल. उतरणं.
दिवे गेलेल्या घरात भिंतीला हात लावून
न्हाणीघर शोधावं, तसं.

जाता जाता नाक येतं.
आम्ही त्या टोकाला नाकच म्हणतो.
त्याला वळसा घालून मी खालच्या अंगाला उतरते.
तिथलं केयोन कुणी पाहिलेलं नाही.
तिथेही समीकरणं सुटतात:
भार तोच, व्होल्टेज निम्मं, करंट दुप्पट,
विटकरी दिवे, घुरघुरणारी पण न फिरणारी मोटर.
नाकाच्या शेंड्याशी वरचं गाव आणि हे गाव
एकमेकांत मिसळतं,
पुढे एकही नाही.

ट्रान्सफॉर्मरला यातलं काही ठाऊक नसतं.
व्होल्टेज पडलं की तो टॅप बदलतो, गावाला सावरून धरतो.
त्यापायी लाइनीत आणखी करंट, आणखी घसरण,
आणखी एक टॅप.
आंकुदला माझा मामा असंच दुकान चालवायचा, उधारीवर.
दुकान आता त्याचं नाही.

सगळ्यात लहान आयगेनव्हॅल्यू: शून्य पूर्णांक शून्य चार.
तिच्या सदिशात एक आकडा बाकीच्यांच्या डोक्यावर उभा:
केयोन, तेवीस केव्ही.
वीस मिनिटं संगणक राबला, हे बोट दाखवायला.

रोसामेलने वही उघडली. पेन्सिलीच्या नोंदी.
बहीण ओर्तेन्सिया, केयोन,
अंडी उबवायचा खोका, त्यातला साठ वॅटचा बल्ब:
बारा जून, पिवळा.
चौदा जून, नारिंगी.
आज साडेदहाला, भोपळ्याच्या आतल्यासारखा.

"किती उरलंय?"
"अकरा मेगावॅट."
"म्हणजे किती वेळ?"
ते माझ्या रीतीत येत नाही.
मी अंतर सांगते, वेळ थंडी ठरवते.
नाकापेक्षा मोती जड व्हायला
अकरा मेगावॅट.

टॅप जागच्या जागी रोखले.
मासळीच्या शीतगृहाला फोन.
मॅनेजरने आधी माझा, मग कंपनीचा उद्धार केला
आणि कॉम्प्रेसर चाळीस मिनिटं बंद ठेवला.
अकराचे चौदा झाले.

रोसामेलने माझी आयगेनव्हॅल्यू वहीत उतरवून घेतली,
बल्बच्या रकान्यात, नारिंगीच्या खाली.
तिला कळवू या का, मी विचारलं.
झोपली असेल, म्हणाला,
आणि स्वतःच नंबर फिरवला.
"ओर्तेन्सिया, खोक्यावर घोंगडी टाक.
थांब. आधी रंग सांग."